मोजणीदाराचे चरित्र आणि तुमची ग्वाही

ताई, पहिले तीन महिने मी तुम्हांला ‘महोदय’ म्हणत होतो. ती चूक तुम्ही एकदाही दुरुस्त केली नाहीत, आणि दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणे हे तर तुमचे रोजचे काम होते.

मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलो होतो. देवासच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षे धातूंचे नमुने तपासले. त्या काळात अहवालांखेरीज काहीही लिहिले नाही. मुलगी लग्न होऊन गेली आणि तिचा संगणक घरी राहिला. त्यावर एक दिवस मला जालावरचा तो मराठी ज्ञानकोश सापडला, ज्यात कोणालाही लिहिता येते. ‘कोणालाही’ ह्या शब्दात आपण बसतो की नाही, ह्याचा विचार करण्यात माझे दोन आठवडे गेले. अखेर एका जुन्या कीर्तनकारांच्या चरित्रात मी एक परिच्छेद भीतभीत वाढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तर परिच्छेद निम्मा झालेला. माझ्या चर्चापानावर ‘ट्रंककॉल’ नावाच्या सदस्याचा निरोप होता: “नमस्कार. आपण सुशिक्षित दिसता. एका परिच्छेदात आपण सात विशेषणे घातली आहेत आणि पुरावा एकाचाही दिलेला नाही. विशेषणे काढली आहेत, माणूस ठेवला आहे. राग मानू नये.”

राग आला नाही. लाज वाटली, आणि चार दिवस मी संगणक उघडला नाही. पाचव्या दिवशी ‘महोदय, आपले म्हणणे शिरोधार्य आहे’ अशी सुरुवात करून सोळा ओळींची क्षमायाचना लिहिली. तुमचे उत्तर एका ओळीचे होते: “इतकी सुंदर माफी मागता, तर चरित्रही सुंदर लिहाल. फक्त आरती लिहू नका.”

पुढे तुम्ही तुमचा फोन क्रमांक दिलात. देवनागरी टंकून बोटे दुखतात, असे कारण सांगितलेत. मी पहिले वाक्य कागदावर लिहून, दोनदा वाचून मगच धारचा क्रमांक फिरवला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, म्हणून मी विचारले, “महोदय आहेत का?”

“आहेत ना,” तुम्ही म्हणालात. “बोला भिया, महोदयच बोलतेय.”

आणि मग तुम्ही हसलात. ते हसणे संपेपर्यंत मी फोन धरून उभा होतो. माझ्या कागदावरच्या वाक्याला आता कुठेच जागा उरली नव्हती, आणि मला आठवते, आयुष्यात प्रथमच त्याचे वाईट वाटले नाही.

तुम्ही धारच्या टेलिफोन केंद्रात होतात. एसटीडी येऊन ट्रंककॉल संपेपर्यंत, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, गावाबाहेर जाणारा प्रत्येक शब्द तुमच्या हातून जात असे. “धारचे निम्मे संसार मी ह्या कानांनी ऐकले आहेत,” तुम्ही एकदा म्हणालात. “कुणाचं लगीन मोडलं, कोण इंदूरच्या दवाखान्यात मेलं, कुणी कुणाला काय शिवी दिली. पण घरी येऊन आईलाही एक शब्द सांगितला नाही. ऐकलेलं ते ऐकलेलं. ते आपलं नसतं.” नव्या सदस्यांना तुम्ही जे शिकवत होतात, त्याचे मूळ मला त्या वाक्यात सापडले. घरात ऐकले, शेजारी ऐकले, अमक्याच्या आत्याने सांगितले, ह्यांपैकी काहीही कोशात येता कामा नये. आधी छापलेले दाखवा, तेही त्या माणसाच्या घरच्यांनी छापलेले नको.

मला हे कठोर वाटे. मी म्हणालो होतो की माळव्यातल्या आपल्या मराठी घरांचा इतिहास छापलेला नाहीच. तो श्राद्धाच्या पंगतीत सांगितला जातो आणि हात धुताना विसरला जातो. ऐकीव वर्ज्य केले, तर आपली निम्मी माणसे कोशाला कधी दिसणारच नाहीत.

“मग आधी कुणी तरी ते छापा ना,” तुम्ही म्हणालात. “कोश ही गोष्टीची शेवटची जागा आहे, पहिली नाही.”

“आणि छापणारे कोणी नसेल तर?”

“तर रिकामी जागा रिकामी राहील. खोट्याने भरलेल्यापेक्षा बरी.”

ह्या मुद्द्यावर आपण भांडून संपलो नाही. मला अजूनही वाटते की तुमचे पूर्ण बरोबर नव्हते. पण आज मी ज्या टोकाला उभा आहे, तिथून पाहता माझेही बरोबर नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे.

नवीन सदस्यांसाठी एक मार्गदर्शनाचे पान हवे, ही कल्पना तुमची. तुमचे शिक्षण सगळे हिंदी शाळेतले. “माझी मराठी तोंडाची आहे, हाताची नाही,” असे तुम्ही म्हणत असा. म्हणून ते पान आपण फोनवर लिहिले. तुम्ही बोलायचे, मी लिहून घ्यायचे, आणि संध्याकाळी लिहिलेले वाचून दाखवायचे. देवासला दुपारी चार-चार तास वीज नसे. त्या वेळात मी अंगणात बसून तुमच्या वाक्यांना वळण देत असे. तुम्ही म्हणत होतात, “पहिल्या वाक्यात माणूस दिसला पाहिजे, त्याचं सिंहासन नाही.” मी लिहिले, “प्रारंभीच्या वाक्यात व्यक्तीचा परिचय द्यावा, गौरव टाळावा.” ते ऐकून तुम्ही म्हणालात, “वा! माझ्या बोलण्याला इस्त्री केलीत. गरम आहे अजून.”

जिवंत माणसाच्या मुलाबाळांची नावे लिहू नयेत, कारण त्यांनी कोशात येण्याजोगे काही केलेले नाही आणि त्यांना कोणी विचारलेलेही नाही. गौरवांकातील मजकूर पुरावा म्हणून धरू नये. वाईट घडले असेल आणि ते छापलेले असेल, तर तेही लिहावे. ह्या शेवटच्या कलमावर मी अडलो होतो. मृताविषयी वाईट बोलू नये, हे मला लहानपणापासून शिकवलेले. तुम्ही म्हणालात, “मग ते चरित्र नाही, श्राद्ध आहे. श्राद्धाला पिंड लागतो, कोशाला संदर्भ.” मी ते वाक्य पानावर घातले नाही. मला भीती वाटली, लोक दुखावतील. आता वाटते, घालायला हवे होते.

आणि एक कलम असे होते: आपल्या नात्यातल्या व्यक्तीचे चरित्र लिहू नये, लिहिलेच, तर नाते चर्चापानावर स्पष्ट सांगावे आणि निर्णय इतरांवर सोडावा. ते तुम्ही दोन शब्दांत सांगितले होते, “घरचा नको”. त्याचे हे घडीव वाक्य मी केले. ताई, ते वाक्य लिहिताना मी ते मोडलेले होते.

गणेशपंत मोजणीदारांचे चरित्र मी त्या आधीच्याच महिन्यात लिहायला घेतले होते. देवासात पूर्वी एकाच गावात दोन राज्ये होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या एका बाजूस एकाचा अंमल, दुसऱ्या बाजूस दुसऱ्याचा, आणि खेडी अशी एकमेकांत मिसळलेली की एका शेतातला बैल दुसऱ्या राज्यात चरून येई. अशा मुलखाचा नकाशा गणेशपंतांनी साखळी ओढून, पायी चालून तयार केला. मोजणीवर त्यांनी लिहिलेले मराठी पाठ्यपुस्तक माळव्यातल्या अनेक शाळांत चालले. त्यांच्याविषयी जुन्या मासिकात एक लेख होता आणि एका छापील जिल्हावर्णनात दोन परिच्छेद. तुमच्या नियमाप्रमाणे ते कोशात बसत होते.

तुम्ही एवढेच विचारलेत, “तुमचे कोण?”

मी म्हणालो, “गावचे.”

ते माझ्या आईचे वडील होते.

का सांगितले नाही, ह्याची कारणे मी ह्या आठवड्यात पुष्कळ गोळा केली. आईची शेवटची काही वर्षे एकच घोकणी होती, की तात्यासाहेबांचे, म्हणजे गणेशपंतांचे, नाव कुठेतरी राहावे. आडनाव वेगळे असल्यामुळे कोणाला कळणारही नव्हते. परंतु खरे कारण ह्यांपैकी एकही नाही. पंचावन्नाव्या वर्षी मला प्रथमच कोणीतरी लिहिणारा माणूस समजत होते. सांगितले असते तर तुम्ही म्हणाला असतात, “मग हा विषय दुसऱ्याला द्या.” द्यावासा वाटला नाही. एवढेच आहे.

आणि नाते लपवले की त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट लपवावी लागते.

मासिकातल्या त्या लेखात टोंकखुर्दच्या वाटेवरच्या एका विहिरीचा उल्लेख होता. दोन्ही पात्या ती आपली म्हणत, आणि गणेशपंतांनी नकाशात ती सीमारेषेच्या पलीकडे, म्हणजे त्यांना पगार देणाऱ्या पातीच्या बाहेर दाखवली. तुम्हांला त्या विहिरीने झपाटले. कागदावर शंका आली की जागेवर जायचे, ही तुमची रीत टेलिफोनमधली. लाइन खराब झाली की माणूस खांबापर्यंत चालत जातो, घरी बसून तर्क करत नाही, असे तुम्ही म्हणत असा. तुम्ही इंदुरास गाडी बदलून देवासला आलात. आपली ती पहिली भेट. स्टँडवर मी तुम्हांला ओळखले नाही, तुम्हीच समोर येऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, “बाकीचे सगळे पोहे खातायत. एक माणूस उभा राहून घड्याळ बघतोय. तेच माझे सदस्य असणार.”

विहिरीवर एक म्हातारी सोयाबीनचा भुसा पोत्यात भरत होती. आपण वाकून आत पाहतो आहोत हे पाहून तिने विचारले, “कई देखी रिया हो?”

तुम्ही लगेच तिच्या माळवी बोलीवर गेलात आणि विहीर कोणाची ते विचारलेत. “कुवो देखां हां, बई. यो कुणको हे?”

“म्हारा ससरा को.”

“ने उनका पेलां?”

“पेलां राजा को थो.” आता सासऱ्याची, त्याआधी राजाची; कोणत्या राजाची, ते तिला ठाऊक नव्हते आणि फिकीरही नव्हती. “पानी मीठो हे. पियो.”

आपण प्यालो. खरोखरच गोड होते. तुम्ही पदराने तोंड पुसत म्हणालात, “ज्यांची विहीर गेली ते गप्प बसले असतील असं मला नाही वाटत, भिया. नंतर दोन वर्षं तुमचे मोजणीदार कुठंच दिसत नाहीत. मग एकदम समोरच्या पातीच्या नोकरीत. मधे काय झालं?”

“साधने मिळत नाहीत,” मी म्हणालो.

“मिळत नाहीत, की शोधली नाहीत?”

“परराज्यात होते, असे म्हणतात.”

माझ्या कपाटात त्या वेळी दरबारच्या छापील गॅझेटातील एका पानाची प्रत होती. ती मी चरित्र लिहायच्या आधीच इंदुरास जाऊन, कोणाला न सांगता काढून आणली होती. ‘कामांत हयगय केल्याबद्दल’ गणेशपंतांना नोकरीवरून दूर केल्याची ती आज्ञा. ते परराज्यात वगैरे कुठेही गेले नव्हते. दोन वर्षे घरात बसून होते. दिवसा बाहेर पडत नसत, कारण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळखीची माणसे. आई तेव्हा सात वर्षांची होती. बाजारहाट आजी करी. समोरच्या पातीने त्यांना बोलावले, तेव्हा त्यांनी फक्त रस्ता ओलांडला.

आमच्या घरची समजूत वेगळी आहे. तात्यासाहेबांना सांगण्यात आले होते की विहीर रेषेच्या आत घ्या. ते म्हणाले, विहीर जिथे आहे तिथेच ती मी दाखवणार, रेषा तुम्ही हलवा. त्यापायी नोकरी गेली. हे आईने मला शंभर वेळा सांगितले आहे. ह्याला छापील आधार एकही नाही. म्हणजे छापील सत्य घातले तर माझे आजोबा कामचुकार ठरणार, आणि त्यांची बाजू मला घालता येणार नाही, कारण ती ऐकीव. मी दोन्ही गाळले. आणि विहिरीकाठी तुम्हांला खोटे सांगितले.

तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून कामाला लागलात. ग्वाल्हेर, रतलाम, झाबुआ, उज्जैन, जिथे जिथे तुमच्या वेळच्या निवृत्त ऑपरेटर होत्या, तिथे तुम्ही फोन लावलेत. दर आठ-दहा दिवसांनी सांगत असा: रतलामच्या सरलाने जुन्या दरबारच्या याद्या बघितल्या, नाही, ग्वाल्हेरच्या मिसेस खान म्हणते, तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर, मोजणी खात्यात होता, तो बघून सांगेल. चार-पाच वयस्क बायका गुडघ्यांवर हात ठेवून जिने चढत होत्या, अशा माणसासाठी जो त्या काळात देवासात स्वतःच्या माजघरात बसून होता. “हरकत नाही,” तुम्ही म्हणत होतात, “माणूस हवेत नाही विरघळत. कुठं तरी सही केली असेल.” मी ‘हो’ म्हणत होतो. ताई, तो प्रत्येक ‘हो’ मला आठवतो.

मग तो चरित्रलेख काढून टाकण्याचा प्रस्ताव आला. पुण्याच्या एका काटेकोर सदस्याने आणला होता, आणि त्याने योग्यच विचारले होते: लेखाचा सूर आपुलकीचा आहे; लेखकाचे ह्या व्यक्तीशी काही नाते आहे काय? मी उत्तर लिहायला बसलो. तीन मसुदे केले. चौथा करायच्या आत तुमचे उत्तर तिथे उमटले: “ह्या सदस्यास मी ओळखते. नात्याबद्दलचे कलम त्यांनी स्वतः लिहिले आहे. नाते असते तर त्यांनी आधी सांगितले असते. ह्याची ग्वाही मी देते.”

मी माझे तिन्ही मसुदे पुसले. लेख राहिला.

तुमचा फोन आला: “राहिले हो तुमचे मोजणीदार! पेढे आणा.” मी खरोखरच पेढे घेऊन धारला आलो. सांगायचे ठरवूनच आलो होतो. गाडीत वाक्येही जुळवली होती. तुमच्या वहिनींनी दाल-बाफले केले होते. त्या मला वाढता वाढता म्हणाल्या, “भाऊसाहेब, ताईंना जरा समजवा. रात्रंदिवस मेलेल्या माणसांच्या मागं असतात, जित्या माणसाशी बोलायला फुरसत नाही.” तुम्ही म्हणालात, “मेलेली माणसं खोटं बोलत नाहीत, वहिनी. त्यांच्यावर लिहिणारी बोलतात. म्हणून तर बसावं लागतं.” आणि माझ्याकडे वळून, पेढा मोडत, “ह्यांच्यासारखा माणूस असला की ग्वाही द्यायला भीती नाही वाटत.”

तूप लावलेला बाफला मी ताटात नुसता मोडत राहिलो. वहिनींना वाटले, मीठ कमी पडले.

त्या दिवशी नाही सांगितले. पुढच्या फोनवर सांगू असे ठरवले. पुढच्या फोनवर तुम्ही नव्या सदस्यांविषयी बोलत राहिलात. बडनगरच्या एका मास्तरांनी स्वतःचेच चरित्र लिहिले होते आणि त्यात स्वतःला ‘अजातशत्रू’ म्हटले होते; “आता एक शत्रू झाली, मी,” असे तुम्ही म्हणालात आणि आपण दोघेही हसलो. त्यानंतर सणवार, त्यानंतर मुलीचे बाळंतपण. अशा रीतीने दोन वर्षे. कठीण गोष्ट सांगायला योग्य दिवस उगवण्याची वाट पाहणारा माणूस मी आहे. गेल्या महिन्यात तुमच्या वहिनींचा फोन आला, आणि वाट पाहण्याचे कारणच उरले नाही.

मी धारला गेलो. वहिनी म्हणाल्या, “शेवटच्या आठवड्यातही कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, आधी खांबापर्यंत चालत जा.” कोणत्या सदस्याला, ते त्यांना ठाऊक नव्हते. परत येताना गाडीत मी रडलो नाही. शेजारी अनोळखी प्रवासी होता. घरी आल्यावर तुमच्या सदस्यपानावर गेलो. नव्या लोकांचे प्रश्न येऊन पडले होते. ‘ताई, माझ्या मामांवर लिहू का?’ असा एक होता. त्याला मी उत्तर दिले. तेच कलम, माझेच वाक्य. ते पाठवून झाल्यावर मात्र मला माझ्यासमोर बसवेना.

मी ही गोष्ट एका मित्राजवळ बोललो. ते म्हणाले, “अहो, बाई हुशार होत्या. त्यांना केव्हाच कळलं असणार. समजून घेऊन गप्प बसल्या असतील.” किती सुखाचे वाक्य आहे हे! मी ते दोन दिवस उशाशी घेऊन झोपलो. विहिरीवरची तुमची नजर आठवून पाहिली, पेढा मोडतानाचा आवाज आठवून पाहिला, आणि त्यांत ‘कळले होते’ असे काही सापडते का ते शोधले. पण ताई, ह्याला आधार कोणता? छापील नाही, तोंडी नाही, तुमचा एक शब्दही नाही. आधाराशिवाय मी आता कोणाविषयी काही लिहिणार नाही, तुमच्याविषयी तर नाहीच. तेव्हा मी असेच धरून चालतो की तुम्हांला ठाऊक नव्हते. तुम्ही माझ्यावर मनापासून विश्वास ठेवला होता, आणि तो विश्वास चुकीच्या माणसावर होता. हे लिहिणे जड आहे. परंतु तुम्हांला सर्वज्ञ करून स्वतःला सोडवून घेणे, हेही एक विशेषणच झाले असते.

गेल्या रविवारी सकाळी मी लेखाच्या चर्चापानावर लिहिले. मसुदा एकच केला. “गणेशपंत मोजणीदार हे माझे मातामह. हे मी लेख लिहिताना लपवले. चर्चेत प्रश्न विचारला गेला, तेव्हाही गप्प राहिलो. माझ्या बाजूने दिली गेलेली ग्वाही पूर्ण सद्भावनेने दिलेली होती. ती खोटी ठरली, ह्याचा दोष केवळ माझा आहे. तसेच गणेशपंतांना नोकरीवरून दूर केल्याची छापील नोंद माझ्याजवळ प्रथमपासून होती. ती आता संदर्भासह लेखात घातली आहे. ह्यापुढे ह्या लेखात मी बदल करणार नाही.” मग रतलामच्या सरलाताईंना आणि ग्वाल्हेरच्या मिसेस खान ह्यांना पत्रे लिहिली. मिसेस खान ह्यांचा फोन आला. “इतके जिने चढवलेत, भाईसाहब,” त्या म्हणाल्या. एवढेच म्हणाल्या, मग बराच वेळ तुमच्याबद्दल बोलल्या.

घरचे व्हायचे ते झाले. सतवासहून मामेभाऊ बापूंचा फोन आला. “तात्यासाहेबांना तू बडतर्फ केलंस? साऱ्या जगात?”

“मी नाही, दरबाराने.”

“आणि विहिरीची गोष्ट? ती का नाही घातलीस?”

“ती आपल्या आईबापांनी सांगितलेली. तिला आधार नाही.”

“आई हा आधार नाही?” बापू म्हणाले, आणि फोन ठेवला. तुम्हांला ह्या प्रश्नाचे उत्तर देता आले असते की नाही, मला सांगता येत नाही. आपला वाद बरोबर इथेच थांबला होता. विहिरीची हकीकत मी इथे लिहिली आहे खरी, पण हे छापून आल्यावर कोणी हिचा संदर्भ देऊ नये. सांगणारा नातू आहे.

तुमच्याकडून मी काय शिकलो, हे कोणी विचारले तर संदर्भ कसा द्यावा, असे म्हणता येईल. ते खरे आहे आणि अपुरे आहे. मी असे म्हणेन की माणसावर प्रेम असूनही त्याच्याविषयी सरळ वाक्य लिहिता येते, हे तुम्ही मला दाखवलेत. सात विशेषणे काढलीत आणि माणूस ठेवलात. मी वयाची पन्नाशी उलटल्यावर लिहायला लागलो, तेव्हा माझ्यापाशी फक्त विशेषणे होती. तुम्ही ती एकेक करून काढून घेतलीत, दुखू न देता, हसत, आणि प्रत्येक वेळी वर म्हणालात, “राग मानू नये.”

पुण्याच्या त्या सदस्याने काल लेख काढून टाकण्याचा प्रस्ताव पुन्हा मांडला. त्याचे मी आभार मानले. चर्चा सात दिवस खुली आहे. दोघे म्हणतात ठेवावा, तिघे म्हणतात काढावा, एकाने म्हटले आहे की पाठ्यपुस्तकापुरत्या चार ओळी ठेवाव्यात. मी रोज सकाळी पान उघडून वाचतो. मत दिलेले नाही. नातेवाइकाने द्यायचे नसते.